आपल्या घरातील हाली नाणी

मंडळाचा रौप्यमहोत्सव म्हटला की रुपे आले, आणि रुपे म्हटले की रुपया आला. म्हणून या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती किंवा विणकाम यांवर न लिहिता आपल्या भागातील जुन्या रुपयांवर लिहावे असे मी ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासाचा रीतसर अभ्यास मी केलेला नाही. परंतु जुनी नाणी पाहण्याचा व जमविण्याचा नाद मला गेली पंधरा-सोळा वर्षे आहे, आणि या नादाने मला जेवढे वाचावयास लावले तेवढे शाळेने लावले नव्हते.

नाणी जमविणे हा पैसेवाल्या पुरुषांचा छंद, असा एक समज आहे. पण भगिनींनो, आपल्याकडे जुनी नाणी राहिली कोठे, याचा जरा विचार करा. पुरुषांच्या हातातील नाणी बाजारात गेली, सावकाराकडे गेली, साऱ्यात गेली. जी राहिली ती बायकांच्या डब्यांत राहिली. देव्हाऱ्यात कलशाखाली, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, धान्याच्या कणगीच्या तळाशी, गळ्यातल्या माळेत राहिली. आपल्या तांड्यांवरील लमाणी बायांच्या अंगावर तर चोळीपासून ओढणीपर्यंत नाणी शिवलेली असत. हा ठेवा पूर्वीपासून बायकांच्याच हाती आहे. त्यास कोणी संग्रह म्हटले नाही, एवढेच.

बिलोलीच्या बाईला नाण्यांचा अभ्यास करावयाचा असेल तर तिने सातवाहनांपासून आरंभ करण्याचे कारण नाही. हाली रुपयापासून करावा. तो अजून घरोघरी सापडतो, आणि त्याची हकीकत सांगणारी माणसे आत्ता-आत्तापर्यंत आपल्यात होती.

हाली म्हणजे चालू, सध्याचा. आपला नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे नाणे स्वतःचे होते. त्यास हाली सिक्का म्हणत. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यास उस्मानिया सिक्का हेही नाव पडले. इंग्रजी मुलखात चाले तो कलदार रुपया, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. दोहोंचेही सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. नावे तीच, पण रुपया तोच नव्हे.

माझ्या आजेसासूबाईंचे माहेर उमरखेडकडचे. उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलात, आणि मध्ये पैनगंगा. नदीच्या पलीकडे कलदार आणि अलीकडे हाली. त्यांच्या लग्नात वडिलांनी त्यांना एकवीस कलदार रुपये पदरात बांधून दिले होते. सासरी आल्यावर सासऱ्यांनी ते मोजून सांगितले की हे साडेचोवीस झाले. आजेसासूबाई अगदी म्हातारपणीही ही गोष्ट सांगून हसत. “अगं सूनबाई, नदी उतरता उतरता माझ्या रुपयांना साडेतीन रुपयांची पिल्लं झाली बघ!” त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण सात हालीचे सहा कलदार हा हिशेब त्या बोटांवर करीत. सरकारी दरही हाच होता. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पया हाली. ही तोंडी आकडेमोड आपल्या भागातील कितीतरी बायका करीत असत, कारण माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी सोयरीक सरहद्दीवर नेहमीचीच.

हा बट्टा सराफाने मनाला येईल तसा ठरविलेला असावा असे मला पुष्कळ दिवस वाटे. मग एकदा मी दोन्ही रुपये वजनकाट्यावर ठेवले आणि पुस्तकात दिलेला कस घेऊन हिशेब मांडला. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे चांदी भरली १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, आणि त्यात हजारी ८१८ चांदी. म्हणजे भरली सुमारे ९.१४ ग्रॅम. आता साताने ९.१४ ला गुणा आणि सहाने १०.६९ ला गुणा. पहिले चौसष्टाच्या किंचित खाली, दुसरे चौसष्टाच्या किंचित वर. बट्टा चांदीतच होता! आजेसासूबाईंच्या बोटांवरचा हिशेब आणि टांकसाळीचा हिशेब एकच निघाला, याचा मला झालेला आनंद मी येथे नीट सांगू शकत नाही. (१९४० नंतर कलदाराची चांदी निम्म्यावर आली, तेव्हा त्या सालानंतरचा रुपया घेऊन कोणी हा हिशेब करू नये, जुळणार नाही.)

आता नाणे वाचावयाचे कसे ते सांगते. बहुतेक बायका येथेच थांबतात, कारण अक्षरे फारसी. पण सगळे वाचावे लागत नाही. हाली नाण्याच्या एका बाजूस चारमिनार आहे. १९०३-०४ च्या सुमारास यंत्रावर पाडलेली ही चारमिनारी नाणी सुरू झाली. त्यापूर्वीची बहुतेक नाणी हाताने ठोकलेली, जाड, कडा वेड्यावाकड्या, आणि त्यांवर चित्र नाही. चारमिनारच्या मधल्या कमानीत बारीक नजरेने पाहिले तर एक अक्षर दिसते. ते ‘मीम’ असेल, म्हणजे वाटोळ्या गाठीला खाली शेपटी, तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या वेळचे, १९११ च्या आधीचे. ते ‘ऐन’ असेल, म्हणजे उघड्या तोंडाचा आकडा, तर उस्मान अली खान यांच्या वेळचे. एवढ्या एका अक्षराने दोन राजवटी वेगळ्या होतात. दुसऱ्या बाजूस किंमत आणि टांकसाळीचे नाव, ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’. म्हणजे शुभ पायाचे हैदराबाद. नगराला असे कौतुकाचे नाव देऊन नाणे पाडण्याची ती चाल होती.

अंक मला आमच्या शेजारच्या चाचींनी शिकविले. त्यांच्या वडिलांची शाळा उर्दूत झालेली. एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी मला परातीतल्या पिठावर दहा अंक काढून दाखविले. “बेटी, अक्षरं उजवीकडून, पण आकडा तुमच्यासारखाच डावीकडून,” हे त्यांनी पहिले सांगितले, आणि हे लक्षात नसले तर सगळेच चुकते. एक म्हणजे उभी रेघ. दोन म्हणजे त्याच रेघेच्या डोक्याला एक खाच, तीन म्हणजे दोन खाचा. चार हा तीनासारखाच दिसून फसवितो. पाच बदामासारखा. सहा हा काहीसा इंग्रजी सातासारखा. सात म्हणजे वर तोंड उघडलेला चिमटा, आणि आठ म्हणजे तोच चिमटा पालथा घातलेला. नऊ इंग्रजी नवासारखाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. घासलेल्या नाण्यावर तो नाहीसाच होतो. दोन दुपारींत हे अंक येतात. कोणाही भगिनीस शिकावयाचे असल्यास चाची आजही शिकवतील, फक्त शेंगा नेल्या पाहिजेत.

नाण्यावरचे साल हिजरी असते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्याचे इसवी सन करण्याची सोपी रीत अशी: हिजरी सालास ३३ ने भागावे, येणारा पूर्णांक त्याच सालातून वजा करावा, आणि ६२२ मिळवावे. १३२१ घ्या. ३३ ने भागले तर ४०. वजा केले, राहिले १२८१. त्यात ६२२ मिळविले, झाले १९०३. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण बोळकांडीत दिवा दिसावा इतके पुरे.

ही रीत हाती आल्यावर नाणे बोलू लागते. माझ्याजवळ १३६५ सालचे एक हाली नाणे आहे. हिशेब केला तर १९४६. हे वर्ष आपल्या तालुक्याने विसरावे असे नाही. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी आपल्याच अर्जापुरास गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. त्या दिवसापर्यंत १३६५ हे हिजरी साल सरलेले नव्हते. म्हणजे हे नाणे नेमके त्या वर्षाचे. ते त्या आठवड्यात बिलोलीच्या बाजारात कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, मिठाला गेले की रॉकेलला, हे नाणे सांगत नाही. पण ते येथे होते असण्याचा संभव आहे, आणि एवढ्यानेही तळहातावर ठेवले की ते जड लागते.

हाली पैशाचा आणि मुक्तिसंग्रामाचा आणखी एक संबंध आपल्या शेजारचाच आहे. जानेवारी १९४८ मध्ये सरहद्दीपलीकडच्या तळावरून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला आणि तेथील रक्कम लढ्यासाठी नेली. निजामाशी लढण्यास निजामाचेच चलन कामास आले. त्या रकमेत अर्थात नोटाही होत्या. हैदराबादने १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या होत्या, कारण पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला होता. या नोटांवर किंमत उर्दू, मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजी अशा पाच भाषांत छापलेली असे. म्हणजे मराठीला शाळेत जागा मिळविण्यासाठी झगडावे लागत होते त्या काळातही निजामाच्या नोटेवर मराठी होती! व्यवहाराला प्रजेची भाषा लागतेच, हे सरकारला कळत होते. ते शाळेच्या बाबतीत का कळत नव्हते, हा प्रश्न मी वाचकांवर सोडते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. त्या दिवशी हिजरी साल होते १३६७. १३६८ हे साल लागले नोव्हेंबर १९४८ च्या आरंभी. आणि तरीही १३६८ सालाची हाली नाणी आहेत. माझ्याकडे कांशाचा चौकोनी आणा आहे, कोपरे गोल केलेला, त्यावर हेच साल. मला प्रथम वाटले की अंक वाचण्यात गोंधळ झाला असावा, म्हणून चाचींना दाखविला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि शेवटचा अंक पालथा चिमटाच आहे असे सांगितले. म्हणजे राज्य गेले, फौजेने शरणागती पत्करली, रझाकार पांगले, आणि टांकसाळ मात्र निजामाच्या नावाने आणे पाडीतच होती. यात नवल नाही. पुढे १९५० ते १९५६ निजाम राजप्रमुख होतेच. आणि लोकांना उद्या भाजी घेण्यास सुटे पैसे हवेच असतात, राज्य कोणाचेही असो. १९५० मध्ये हैदराबादची टांकसाळ भारत सरकारच्या ताब्यात आली. हाली नाणे मात्र भारतीय रुपयाबरोबर आणखी काही वर्षे चालत राहिले आणि १९५९ मध्ये कायमचे संपले. मध्यंतरी १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या बाजारातील गोंधळ काय वर्णावा! हाली आणे, कलदार आणे आणि नवे पैसे, असे तीन हिशेब एका वेळी. आजेसासूबाई म्हणत की त्या दिवसांत हळकुंडाएवढ्या खरेदीला गड्डाभर बोलणे लागे.

हाली नाण्याहून मागे गेले तर १८५७ हे वर्ष आडवे येते. तोपर्यंत निजामाची नाणी दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावाने पडत. बंड मोडले, बादशहाला इंग्रजांनी रंगूनला पाठविले, आणि नाण्यावर कोणाचे नाव घालावे हा प्रश्न आला. निजामाने घराण्याचे नाव घातले, आसफजाह, आणि वर घातला ९२ हा आकडा. हा आकडा म्हणजे साल नव्हे. फारसी अक्षरांना किमती असतात. मीमचे ४०, हे चे ८, पुन्हा मीमचे ४०, दालचे ४. बेरीज ९२, आणि शब्द होतो मुहम्मद. हाताने ठोकलेला जाड रुपया कोणाच्या घरी असेल तर हा ९२ त्यावर शोधून पाहावा. त्या काळी एकच टांकसाळ नव्हती. ठिकठिकाणचे रुपये वेगवेगळ्या नावांनी चालत. औरंगाबादकडचा गोविंदबक्षी रुपया जुन्या कागदपत्रांत नेहमी भेटतो. बाजारात प्रत्येकाचा बट्टा निराळा. पहिल्या सालारजंगांनी हा पसारा आवरून टांकसाळीचा कारभार हैदराबादेस एकवटला.

आणि मराठवाड्यात नाण्यांची गोष्ट निघाली की दौलताबाद सोडून चालत नाही. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी तेथे हलविली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी काढली. दौलताबादेसही ती पाडली गेली. कल्पना आजच्या नोटेसारखीच होती, धातूची किंमत नसून हुकमाची किंमत. पण ओळखीची खूण काहीच नव्हती. झाले, घरोघरी टांकसाळी निघाल्या. लोक सारा पितळेने भरू लागले आणि चांदी पुरून ठेवू लागले. शेवटी सुलतानाने ती नाणी परत घेऊन बदली चांदी दिली, खोट्यांसकट. वेडा महंमद असे त्याला आपण म्हणतो. माझ्या मते कल्पना वेडी नव्हती, कारागिरी कच्ची होती.

त्याहून मागचे एक उदाहरण सांगते, कारण नाण्यांचा अभ्यास कशासाठी करावा असे विचारणाऱ्यांना त्याने उत्तर मिळते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी म्हणून गाव आहे. तेथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाणी सगळी क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप वरून मारलेला. खाली नहपानाचा मुखवटा, त्याच्या गालावर सातवाहनांचे चिन्ह. कोण हरला आणि कोणी जिंकले हे एवढे स्पष्ट दुसरा कोणता कागद सांगेल? त्या साठ्यातील नाणी आधी मुशीत गेली असती तर चांदी तेवढीच भरली असती, पण ही गोष्ट आपल्याला अशी हाती धरून पाहता आली नसती.

असे ठेवे राखणारी माणसे मोठी विद्वानच असतात असेही नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे सातवाहनांच्या वेळचे व्यापारी गाव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. गावच्या पांढरीतून निघणाऱ्या जुन्या वस्तू व नाणी त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या, आणि आज तेथे त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहाचेही तसेच झाले. मंडळाची सहल पुढील वर्षी तेरला न्यावी, अशी माझी सूचना आहे. गोरोबाकाकांचे दर्शनही होईल.

आपल्या गळ्यातील पुतळ्यांबद्दल दोन शब्द. पुतळी हे मुळात परदेशी नाणे. इटलीतील व्हेनिस शहराचा सोन्याचा डुकाट व्यापाराबरोबर आपल्याकडे आला. त्यावर तेथील राजप्रमुख एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला असे. आपल्या बायकांना त्या दोन बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळी. व्हेनिसचे राज्य १७९७ मध्ये बुडाले, पण आपले सोनार अजून पुतळ्या घडवितात. नाणी जमविणारे जाणकार म्हणतात की नाक जोडलेले नाणे बिघडले, त्याची किंमत गेली. बाजाराच्या दृष्टीने ते खरे आहे. पण मला नाकाचा रुपया अधिक आवडतो. टांकसाळीने त्याच्यावर राजाचे नाव घातले आणि कोणा बाईने त्याला नाक लावून आपला केला.

आता जे सांगण्यासाठी मी हे सर्व लिहीत आहे ते सांगते. गेल्या काही वर्षांत चांदीचा भाव चढला तसे आपल्या गावातील डबे भराभर रिकामे झाले. मुलीच्या लग्नात पैंजण करावयाचे, सुनेला जोडवी करावयाची, की जुने रुपये निघतात. सराफ वजन करतो, कसाची घट धरतो आणि मूस तापवतो. ज्या घरात दवाखान्याचा खर्च उभा आहे त्या घरातील बाईला रुपया मोडू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि मी सांगतही नाही. माझे म्हणणे एवढेच की मोडण्यापूर्वी अर्धा तास मला द्यावा. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासली की चारमिनार, अक्षर आणि साल कागदावर जसेच्या तसे उमटतात. हे लहान मुलालाही जमते. मी एक दोनशे पानी वही केली आहे. तीत आज ४६ छाप आहेत, प्रत्येकाखाली साल, वजन, आणि ते नाणे कोणत्या घरात कसे आले हे त्या घरच्या बाईने सांगितले तसे. त्यांतील ३१ नाणी आता राहिलेली नाहीत. एक चवली बाळाच्या वाळ्यात गेली, तिचा मालक आता सातवीत आहे आणि वहीतला छाप पाहून जातो.

नाणी ठेवावयाची त्यांनी चिंच, राख, पितांबरी यांनी घासू नयेत. देवाची भांडी आणि नाणी यांत हा फरक आहे. घासल्याने अक्षरांच्या धारा जातात आणि साल प्रथम जाते. चांदीवरचा काळसर थर हा मळ नव्हे, तो राहू द्यावा. नाणे कडेला धरावे, प्रत्येकाला कोरे कागदी पाकीट करावे, आणि पाकिटावर नोंद लिहावी. प्लास्टिकच्या मऊ पिशव्या काही वर्षांत चिकट होतात व नाण्यास हिरवा डाग पाडतात.

शेतात नांगरताना किंवा पाया खोदताना नाणी सापडली तर ती गुपचूप वाटून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तसे करू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. सरकारने तो ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्यात आहे. न कळविल्यास शिक्षा आहे.

आणि मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींपासून सावध असावे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचे नाणे लाखो रुपयांस घेतो असे सांगून आधी कमिशन म्हणून, मग कर म्हणून पैसे मागतात. आमच्या ओळखीच्या एका घरातून अशाच रीतीने साडेसात हजार रुपये गेले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल लोकांस सूचनाही दिली होती. वैष्णोदेवीची नाणी २०१२ मध्ये निघाली, ती पुष्कळ आहेत. राम-हनुमानाचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले तांब्याचे नाणे तर कंपनीने कधी पाडलेच नाही. ती मागाहून केलेली टोकने आहेत. पूजेत ठेवावयास हरकत नाही, विकत मात्र घेऊ नये.

ज्यांच्या घरी जुने काहीच नाही त्यांनी आजच्या बटव्यातून सुरुवात करावी. रुपया, दोन रुपये, पाच रुपये काढून सालाखाली पाहावे. पाच टोकांची चांदणी असेल तर नाणे हैदराबादच्या टांकसाळीचे. चौकट असेल तर मुंबईचे, नुसता ठिपका असेल तर नोइडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. आपल्याकडे चांदणीच जास्त सापडते, हैदराबाद जवळ असल्यामुळे असेल. ती टांकसाळ १८०३ मध्ये सुरू झाली, १९०३ मध्ये सैफाबादला आली, १९९७ मध्ये चेरलापल्लीला गेली, आणि सैफाबादच्या जुन्या इमारतीत २०२२ पासून नाण्यांचे संग्रहालय आहे. आजेसासूबाईंचा हाली रुपया आणि माझ्या भाजीच्या पैशांतला रुपया एकाच टांकसाळीचे. पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. तीही आता जपून ठेवावीत, नातवंडांना पाच पैसे म्हणजे काय ते सांगावे लागेल.

माझ्या वहीत १३६१ पासून १३६८ पर्यंतच्या हाली सालांपैकी एक साल अजून रिकामे आहे, ते म्हणजे १३६७, मुक्तीचे साल. आणा, रुपया, काहीही चालेल. कोणाच्या डब्यात असे नाणे निघाल्यास मला एक दुपार पाहावयास द्यावे. छाप घेऊन त्याच दिवशी परत करीन.